उसनी हजेरी

“आधी बूट काढा. मग गणवेश. घड्या घालत बसू नका, तसेच टाका. धुवायचेच आहेत.”

बाईंनी व्हरांड्यात एक जुनी चादर पसरली होती. आम्ही वस्तीतली पोरं एकेक करून त्या चादरीवर गणवेश टाकत होतो. खाली आमचे घरचे कपडे होतेच. सकाळी बाईंनीच सांगितलं होतं, तुमच्या कपड्यांवरूनच चढवा. मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत म्हणून सांगतात. थंडीचा काही संबंध नव्हता. शाळेचा कपडा आमच्या अंगाला लागू नये, एवढंच त्यात होतं.

मी माझा गणवेश टाकला नाही. छातीशी धरून उभी राहिले. दिवसभर मी बाकावर बसले होते. माझ्यासमोर पुस्तक होतं. फळ्यावर तारीख आणि सुविचार होता. मला वाटलं, मला शाळेत घेतलं.

मी विचारलं, “बाई, उद्या किती वाजता यायचं?”

बाईंनी शेजारच्या बाईंकडे बघितलं आणि दोघीही हसायला लागल्या. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“अगं, उद्या कशाला? झालं की तुमचं काम.”

बूट गोळा करणारा शिपाईसुद्धा हसला. बाईंनी पुढे होऊन माझ्या हातातला स्कर्ट ओढून घेतला. दोन बोटांच्या चिमटीत. गटारातून काही काढावं तसा. ती दोन बोटं मी विसरलेले नाही. विसरायची इच्छाही नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

आम्ही मूळ अंबडकडचे. शेत नव्हतंच, त्यामुळे शेत बुडालं वगैरे रडगाणं माझ्याकडे नाही. दुसऱ्याच्या रानात मजुरी होती, तीही त्या दुष्काळात संपली. आधी विहीर आटली, मग हातपंप नुसता हवा ओढायला लागला. टँकर गावात आला की आधी वरच्या आळीत थांबायचा आणि आमच्याकडे येईपर्यंत त्याच्या तळाशी गाळ उरायचा. एक दिवस बापानं भांडीकुंडी गोणीत भरली आणि आम्ही औरंगाबादच्या पैठण रोडला आलो. चितेगावच्या आसपास कंपन्या उभ्या राहत होत्या. बापाला एका कंपनीच्या गेटवर ठेकेदाराकडे माल चढवायचं काम मिळालं. कंपनीच्या मागच्या गायरानावर आमच्यासारख्यांची वस्ती पडली होती. पत्रे, ताडपत्री, जमेल ते.

त्या कंपन्यांसाठी आधी रस्ता आला. मग विजेचे खांब आले. पाणीसुद्धा पाइपनं आलं, भर दुष्काळात आलं. कंपनी चालवायला माणसं लागतात, माणसांना लेकरं असतात आणि लेकरांना शाळा लागते, एवढा सरळ हिशेब एकाही साहेबाच्या डोक्यात आला नाही. की आला आणि त्यानं तो बाजूला ठेवला? मी आता दुसरंच खरं मानते.

झेडपीची शाळा होती, पण मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. दोन खोल्या. जुन्या गावापुरत्या बांधलेल्या. गावाच्या भोवती नवं गाव वसलं, खोल्या दोनच राहिल्या. तिथले गुरुजी सरळ सांगायचे, नाव घालतो, पण बसवू कुठं? लेकरं व्हरांड्यात, पायऱ्यांवर, लिंबाखाली बसलेली असायची. वर रस्ता असा की दिवसभर ट्रक. वस्तीतलं एक पोरगं त्या रस्त्यावर ट्रकखाली गेलं. त्यानंतर आयाबाया लेकरांना तिकडे पाठवायला धजेनात.

अलीकडच्या बाजूला, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, भाऊसाहेबांची शाळा होती. नाव लिहीत नाही. अशी शाळा एकच नव्हती. भाऊसाहेबांची पिढीजात जमीन कंपन्यांच्या शेजारी होती, तिला सोन्याचा भाव आला आणि भाऊसाहेब शिक्षणमहर्षी झाले. शाळा अनुदानित, म्हणजे मास्तरांचा पगार सरकारचा. पक्की इमारत, लोखंडी गेट. गेटवर ज्ञानाबद्दल चार ओळी.

माझी माय जूनमध्ये मला घेऊन त्या गेटात गेली होती. मला वेणी घालून, तेल लावून. ऑफिसातल्या माणसानं आधी आडनाव विचारलं. मग राहता कुठं विचारलं. मग म्हणाला, “जागा नाही.”

माय म्हणाली, “दादा, एका कोपऱ्यात बसंल. लेकरू शांत हाय.”

“बाई, सांगितलं ना. पट फुल्ल आहे. एक मूल बसायला जागा नाही.”

तेच हे लोक. थंडीत शिपाई वस्तीवर आला आणि पोरांच्या उंच्या बघायला लागला. शेळ्या बघतात बाजारात, तसं. ही तिसरीला चालेल. हा चौथीला. तू नको, लई बारकं दिसतंय. दुसऱ्या दिवशी शाळेत पटपडताळणी होती. कागदावर दाखवलेली मुलं खरंच शाळेत येतात का, ते बघायला सरकारी साहेब येणार होते.

भाऊसाहेबांच्या शाळेत तिसरीची आणि चौथीची एक-एक तुकडी निव्वळ कागदावर होती. त्या तुकड्यांना शिक्षक होते आणि त्या शिक्षकांना पगार होता. शिकवत मात्र कुणी नव्हतं. एक जण भाऊसाहेबांचा पुतण्या, तो पेट्रोल पंपावर बसायचा. त्या तुकड्यांच्या खोल्यांत वर्षभर मंडपाच्या खुर्च्या आणि पडदे भरलेले असायचे, कारण भाऊसाहेबांचा लग्नाच्या मंडपाचाही धंदा होता. पडताळणीच्या आदल्या दिवशी खुर्च्या बाहेर निघायच्या, बाक आत यायचे. बाकांवर बसायला आम्ही.

तुम्ही विचाराल, खोल्या होत्या, शिक्षक होते, मग आम्हाला खरोखरच का घेतलं नाही? मलाही हा प्रश्न पडला होता. खरी पोरं घेतली तर खोलीतल्या खुर्च्या ठेवायच्या कुठं? पंपावरच्या पुतण्याला फळ्यासमोर उभं राहावं लागलं असतं. आणि कंपनीतल्या साहेबांची, बागायतदारांची मुलं ज्या शाळेत येतात, तिथं गायरानावरची पोरं रोज मधल्या सुट्टीत दिसली असती. एक दिवस चालतं. रोज नाही चालत.

आणि आमचे आईबाप पोरं का देत होते? पाण्यासाठी.

शहराला पाणी नेणारी मोठी पाइपलाइन आमच्या वस्तीला लागून जायची. आत नाथसागर धरणाचं पाणी घुमायचं. कान लावला की ऐकू यायचं. आमच्यासाठी त्याचा एक थेंब नव्हता. भाऊसाहेबांच्या बोअरला मात्र पाणी होतं आणि शाळेच्या कंपाउंडला त्यांनी बाहेरच्या बाजूनं एक नळ काढून दिला होता. अख्खी वस्ती त्या नळावर जगत होती. पोरं द्या, पाणी घ्या, असं कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

म्हणून मी त्या दिवशी बसले होते. हजेरीत वैष्णवीचं नाव आलं की मला हजर म्हणायचं होतं. वैष्णवी म्हणून खरी मुलगी होती, भाऊसाहेबांच्या नात्यातली. ती शहरात इंग्रजी शाळेत जायची आणि तिचं नाव इथंही चालू होतं. तिच्यासाठी दोन शाळांत जागा, माझ्यासाठी एकाही नाही.

पुढचं वर्षभर मी त्या नळावर घागर घेऊन उभी राहायची. रांग खिडकीखालून जायची. आत पाढे चालायचे, कविता चालायची. मी खिडकीखाली उभं राहून बाराचा पाढा पाठ केला. एकदा मोठ्यानं म्हणाले. बाई खिडकीशी आल्या. त्याच, चिमटीच्या.

“पाणी भरायला आलीस ना? मग पाणी भर.”

मी पाणी भरलं. दुसरं काय करणार होते? पण पाढा मी वस्तीपर्यंत मनातल्या मनात म्हणत गेले.

वर्ष फिरलं. शिपाई परत आला. माझी उंची बघून म्हणाला, “ही चौथीला.” शाळेचं तोंड न बघता मी चौथीत गेले होते.

मी मायला म्हणाले, “मी नाय जायची.”

माय चूल पेटवत होती. मान वर न करता म्हणाली, “जा. एक दिस बसायचं. घागरी भरत्यात.”

“मला त्या हसत्यात.”

“हसू दे. हसल्यानं काय तहान लागती व्हय?”

मी गेले. फ्रॉकवरून गणवेश चढवला. साहेब आले. गळ्यात मफलर, मागून चहाचा ट्रे. भाऊसाहेब स्वतः हसत हसत बरोबर. साहेब खुर्चीवर बसले आणि हजेरी घ्यायला लागले. पोरं दुसऱ्याच्या नावांना हजर म्हणत होती. माझ्या शेजारचा ज्ञानेश्वर झाला होता. घरी त्याला बाळ्या म्हणायचे.

“वैष्णवी.”

मी समोरच्या पुस्तकाकडे बघत राहिले.

“वैष्णवी!”

बाईंनी दारातून माझ्याकडे डोळे वटारले. मी उभी राहिले. हजर म्हणायला नाही.

“वैष्णवी या शाळेत येत नाय,” मी म्हणाले. मग मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. बापाचं नाव, वस्तीचं नाव. आणि म्हणाले, “मला इथं जागा नाय म्हणले.”

मला वाटलं, आता काहीतरी होईल. सरकारचा माणूस आहे, हा विचारील. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. भाऊसाहेब त्याच्या कानाशी वाकले. “वस्तीतलं आहे, साहेब. डोक्यानं जरा तसंच आहे. आपण दयेनं ठेवलंय.”

साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग कागदाकडे. पेन टेकवलं.

“वैष्णवी, हजर,” ते स्वतःच म्हणाले. “पुढचं नाव?”

इतकंच. मी समोर उभी राहून माझं नाव सांगत होते आणि तो माणूस मला गैरहजर करून एका न आलेल्या पोरीला हजर करत होता. शाळा म्हणजे काय, सरकार म्हणजे काय, हे मी त्या एका मिनिटात शिकले.

मग मी गणवेश काढला. शर्ट, स्कर्ट. बूट काढले. कुणी सांगायच्या आत, साहेबांच्या समोर. सगळं नेऊन त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि माझ्या फाटक्या फ्रॉकात गेटाबाहेर आले. मागून भाऊसाहेबांचा आवाज आला, “कुणाची रे ती?” या वेळी कुणी हसत नव्हतं.

दुपारी नळ बंद झाला.

हे सांगताना मला कुठलाच अभिमान वाटत नाही, कारण तहान अख्ख्या वस्तीला लागली होती. बाया आमच्या दारात आल्या. “तुह्या पोरीच्या तोंडापायी लेकरं तहानली. लई शहाणी झाली व्हय ती?” मायनं मला सगळ्यांसमोर झोडपलं. हात दुखेपर्यंत. मग डोक्यावर पदर घेऊन भाऊसाहेबांकडे माफी मागायला गेली.

ती परत आली तेव्हा तोंड दगडासारखं झालं होतं. बापानं विचारलं, काय म्हणले?

“म्हणले, पोरीला घेऊन ये. शाळंपुढं उभी कर. सगळ्यांसमोर कान धरून म्हणू दे, मी खोटं बोलले.”

बाप म्हणाला, “मग? धरू दे. कानच धरायचेत.”

मायनं डोक्यावरचा पदर मागं सारला. आणि मग म्हणाली, “ती खोटं बोलली आसती तर धरलं आसतं.”

दुसऱ्या दिवशी मायनं माझा हात धरला, भाऊसाहेबांच्या गेटासमोरून नेलं, थांबली नाही. ट्रकांच्या मधून रस्ता ओलांडला. झेडपीच्या गुरुजींसमोर उभी राहिली.

“गुरुजी, बसायला जागा नसंल तर नसू द्या. उभी ऱ्हाईल. पण नाव तिचं लिव्हा.”

गुरुजींनी नाव लिहिलं. मी त्या शाळेत उंबऱ्यावर शिकले. पाऊस आला की आत सरकायचं, उघडला की बाहेर. कुणाला हे गोड वाटत असेल तर वाटू नये. उंबऱ्यावर बसून शिकणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. ती लाज आहे, आणि माझी नाही.

वस्तीचा नळ पुढे सुरू झाला. भाऊसाहेबांना पुढच्या वर्षीही पोरं लागणारच होती. आमच्या घागरीला मात्र तिथं मनाई. माय पाइपलाइनच्या गळक्या व्हॉल्व्हवरून पाणी आणायची, वाटीवाटीनं भरून. त्यासाठी तिनं मला कधी बोल लावला नाही.

आता माझी तिशी उलटली. त्याच भागातल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. शहराचं नाव बदललं, शहर वाढत वाढत आमच्या अंगावर आलं. गायरानाच्या पुढं प्लॉट पडले, चार-चार मजली इमारती झाल्या, त्यांना फुलांची नावं मिळाली. करमाडकडून, वाळूजकडून, कुठून कुठून माणसं राहायला आली. लेकरं वाढली. झेडपीच्या शाळेला मध्ये एक पत्र्याची शेड मिळाली. बस्स.

माझी मुलगी यंदा सहा वर्षांची झाली. मी तिला घेऊन त्याच गेटात गेले. गेट आता मोठं आहे. काचेमागची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सॉरी ताई, सीट नाहीत. वेटिंगला टाकू का?”

पूर्वी जागा नाही म्हणायचे, आता सॉरी म्हणतात. एवढी प्रगती झाली.

नव्या विकास आराखड्यात आमच्या भागात एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी राखून ठेवला होता. त्यावर आज हिरवं लॉन आहे, कमान आहे, लग्नं लागतात. भाऊसाहेब वारले, लॉन त्यांच्या मुलाचं. शाळेचं आरक्षण उठवावं म्हणून त्यानं अर्ज केला, सरकारनं लोकांच्या हरकती मागवल्या, सुनावणी लागली. मी कंपनीत सुट्टी टाकून गेले. वस्तीतल्या आणखी काही बायाही आल्या.

सुनावणीला साहेब वाचून दाखवत होते. या परिसरात शाळेची गरज नाही. लगतच्या अनुदानित शाळेत पुरेशा तुकड्या आहेत. मागच्या पडताळण्यांचे अहवाल जोडले आहेत. परिसरातली सर्व मुलं पटावर आहेत.

मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा कानांतून वाफा निघाल्या. त्या पटावर कोण होतं? मी होते. बाळ्या होता. आमच्यानंतर उंच्या मोजून नेलेली वस्तीतली सगळी पोरं होती. आम्ही एका दिवसासाठी जे बाक भरले, ते आता आमच्याच लेकरांच्या विरोधात उभे होते. न आलेली वैष्णवी इतकी वर्षं हजर होती, म्हणून माझ्या मुलीला शाळा नको.

मी उठले. “साहेब, तो पट खोटा आहे. मी त्या बाकावर बसले होते.”

“ताई, लेखी द्या.”

“मी समोर उभी आहे.”

“लेखी द्या. पुढचा विषय घ्या.”

तोच माणूस नव्हता. पण तेच पेन होतं.

बाहेर जिन्यात भाऊसाहेबांचा मुलगा भेटला. हात जोडून, हसून. “ताई, काहून एवढ्या तापायल्या? तुमच्या पोरीचं काम माझ्यावर सोडा. एक सीट हाय. उद्या पाठवा, फीसुद्धा बघून घिऊ. तेवढी हरकत मागं घ्या.”

माझी मुलगी माझं बोट धरून उभी होती. तिनं वर बघितलं. तिला सीट म्हणजे काय ते कळत होतं. शेजारच्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ती सीट हवीशी वाटली. माझ्या लेकीचं एक वर्ष, एक बाक, वर पंखा. मग मला त्याचा पुढे आलेला हात दिसला, माझ्या मुलीच्या गालाला चिमटीत धरायला निघालेला.

मी तो हात बाजूला केला.

“एक सीट नको,” मी म्हणाले. “तुझ्या बापानं आमची पोरं एका दिवसापुरती नेली. तू एक पोरगी आयुष्यभरासाठी न्यायला आलास. देत नाही.”

त्याचं हसू गेलं. “मग बसा बोंबलत. पाण्याची लाईनसुद्धा आमच्याच प्लॉटातून येते तुमच्या वस्तीला, ध्यानात ठेवा.”

ध्यानात आहे. बापाची धमकी मुलाकडे आली, आईची तहान माझ्याकडे आली. दोन्ही मला चांगल्या ओळखीच्या आहेत.

आम्ही बायांनी ठरवलंय. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील त्या दिवशी आमची लेकरं त्या लॉनवर बसतील. लग्नाची तिथी असो नाहीतर नसो. गणवेश नाही, घरचे कपडे. फळा मी आणणार आहे. हजेरी मी घेणार आहे. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावानं, आडनावासकट. पोलीस आणा, नळ तोडा, व्हॉल्व्हवरून वाटीवाटीनं पाणी भरायला मला माझ्या मायनं शिकवलंय. लेकरं त्या जागेवरून उठणार नाहीत. ज्या साहेबाला या भागात शाळेची गरज आहे की नाही ते बघायचं असेल, त्यानं कागद घरी ठेवून यावं आणि आमच्या समोर उभं राहून मोजावं.